थोड्यांना पुष्कळ वेळ, की सर्वांना थोडाथोडा?

तालुक्याचा पाळक

सर्वांना सप्रेम सलाम.

मी गेली ११ वर्षे एका तालुक्याच्या गावी ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) पाळक म्हणून सेवा करीत आहे. मुख्य मंडळीत सुमारे १४० कुटुंबे आहेत आणि आसपासच्या पाच खेड्यांत मिळून आणखी साठेक. रविवारची उपासना, खेड्यांतील आळीपाळीच्या सभा, आजाऱ्यांच्या भेटी, लग्ने, दफनविधी आणि पंचांच्या बैठका एवढ्यातच आठवडा संपतो, आणि पहिली नऊ वर्षे मी तो तसाच संपू दिला. मग एका पावसाळ्यात विषमज्वराने मी तीन आठवडे अंथरुणाला खिळलो, आणि त्या तीनही रविवारी उपासना चालवण्यासाठी मंडळीला शेजारच्या तालुक्यातून माणूस बोलवावा लागला. माझे साडेचारशेहून अधिक उपदेश झाले होते, परंतु माझ्या जागी उभा राहील असा एकही माणूस मी तयार केलेला नव्हता.

त्यानंतर गेली दोन वर्षे मी प्रत्येक गुरुवार चौघांसाठी राखून ठेवला आहे. तिघे तरुण आणि एक परिचारिका असलेली तरुणी. आपापल्या कामाच्या पाळ्या सांभाळून ते येतात. सकाळी शास्त्रपाठ होतो, दुपारी मी त्यांना रुग्णालयात किंवा शोक असलेल्या घरी सोबत नेतो, आणि संध्याकाळी जे पाहिले त्याविषयी आम्ही बोलतो. त्यांच्यापैकी दोघे आता खेड्यांतील सभा चालवतात. परंतु मंडळीत या चौघांना 'पाळकांचे लाडके' म्हणतात, आणि एका आजीबाईंनी मला तोंडावर विचारले, "म्हणजे आम्ही गुरुवारी आजारी पडायचं नाही का?" आता हा विषय वार्षिक सभेत यायचा आहे. मी करतो ते योग्य आहे का, आणि योग्य असेल तर त्या आजीबाईंना काय उत्तर द्यावे?

रुळावरचा प्रवासी

प्रभू येशूने बारा शिष्यांतून तिघांनाच अगदी जवळ ठेवले होते. आपण चौघांना ठेवले आहे, त्यामुळे वार्षिक सभेत एक जण जास्त झाल्याचा आक्षेप येऊ शकतो.

ग्रीकचा विद्यार्थी

विनोद बाजूला ठेवून बायबलमधील मूळ वचनाकडे पाहू या. मार्क ३:१४ मध्ये बारा जणांना नेमण्याची दोन कारणे येतात, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे: त्यांनी त्याच्याबरोबर असावे हे आधी, आणि त्यांना घोषणा करण्यास पाठवावे हे नंतर. आपण बहुतेक ठिकाणी पहिले कारण गाळतो. माणसाला दहा दिवसांच्या शिबिरास पाठवतो, प्रमाणपत्र देतो आणि थेट व्यासपीठावर उभे करतो. याईराच्या मुलीच्या खोलीत, रूपांतराच्या डोंगरावर आणि गेथशेमाने बागेत पेत्र, याकोब व योहान यांनाच सोबत नेले होते, आणि या तीनही ठिकाणी त्यांना कसलाही पाठ दिलेला दिसत नाही. ते केवळ तेथे होते, आणि बागेत तर चक्क झोपले होते.

पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:२) देखील एकाच वाक्यात चार पिढ्या आहेत: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसे आणि ती ज्यांना शिकवतील ते इतर. मला वाटते आपला गुरुवार शास्त्राला धरूनच आहे.

हिशोबनीस

मी एका मंडळीचा खजिनदार म्हणून १४ वर्षे काम केले आहे, त्यामुळे माझे मत कोणाला रुक्ष वाटले तर क्षमा असावी.

वर सांगितलेल्या त्याच मार्कच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात त्या जवळच्या तिघांपैकी दोघे येऊन उजवीकडची आणि डावीकडची जागा मागतात, आणि ते ऐकून बाकीचे दहा जण संतापतात. आतले वर्तुळ आखले की बाहेरच्यांचा राग ओघानेच येतो. खुद्द प्रभूच्या वर्तुळातही तो आला.

आमच्या मंडळीत पूर्वीच्या एका पाळकांनी पाच तरुणांवर अशीच मेहनत घेतली. मुले खरोखर चांगली तयार झाली. मग पाळकांची बदली झाली. नव्या पाळकांनी उपासनेची वेळ अर्ध्या तासाने बदलली तेव्हा या पाचांनी प्रत्येक पंचाच्या घरी जाऊन 'आमच्या वेळी असे नव्हते' असे सांगितले, आणि वर्षभरात ते ४० कुटुंबांसह एका मंगल कार्यालयात स्वतंत्र सभा भरवू लागले. त्या वर्षी उपकारस्तुतीच्या सणाच्या लिलावात आमच्याकडे भोपळे विकत घ्यायलाही माणसे उरली नव्हती. ती मुले वाईट नव्हती. ती एका माणसाशी जोडली गेली होती, मंडळीशी नव्हे.

शिवाय पाळकांचा पगार १४० कुटुंबांच्या वर्गणीतून येतो. त्यातला एक संपूर्ण दिवस चौघांकडे जात असेल, तर उरलेल्यांनी प्रश्न विचारणे हा मत्सर नव्हे.

तालुक्याचा पाळक

हिशोबनीस साहेब, आपली गोष्ट वाचून रात्री झोप लागली नाही. बदलीचा विचार मी केलाच नव्हता.

मिशन कंपाउंडातली मावशी

मी पाळकांची मुलगी, पाळकांची पत्नी आणि आता एका पाळकांची आई आहे, म्हणून या प्रश्नाची स्वयंपाकघराकडील बाजू मांडते.

आपल्या गुरुवारी चौघे जण येतात तेव्हा दुपारचे जेवण कोण करते? माझ्या यजमानांनी आयुष्यभरात अकरा जणांना सेवेसाठी तयार केले असे त्यांच्या निरोप समारंभात सांगण्यात आले. ते खरेच आहे. परंतु त्या अकरापैकी सहा जण आमच्या घरी वर्ष-दोन वर्षे राहिले होते, त्यांची ज्वारी मी निवडली, आणि त्यांच्यापैकी एकाला आपल्या लग्नाची भीती वाटत होती हे त्याने यजमानांना कधीच सांगितले नाही, मला भाकरी करताना सांगितले. थोड्या माणसांवर सखोल मेहनत करायची म्हणजे त्यांना घरात घ्यावे लागते, आणि घर एकट्या पाळकाचे नसते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक अहमदनगरला असताना त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा तरुण त्यांच्याकडे राहत असे. तो म्हणजे बालकवी. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता, ठोंबरे अखेरपर्यंत हिंदूच राहिले, आणि १९१८ मध्ये त्यांना रेल्वेखाली अपघाती मृत्यू आला. आजच्या एखाद्या सेवाकार्याच्या अहवालात त्या मुलावर खर्च केलेली वर्षे 'निष्फळ' या रकान्यात गेली असती. टिळकांनी असा रकाना आखला नाही. ते माणसे घरी आणीत, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांची व्यवस्था लावता लावता स्वतःच्या शैलीत रागावतही असत. परंतु टिळकांच्या १९१९ मधील मृत्यूनंतर त्यांचे 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रावरील अपुरे काव्य पूर्ण केले ते लक्ष्मीबाईंनीच. टिळकांनी सर्वाधिक काळ ज्या व्यक्तीसोबत काढला ती व्यक्ती कोणत्याच शिष्यगणात मोजली जात नाही.

तेव्हा पाळकसाहेब, आपल्या चौघांच्या यादीत पाळकबाई पाचव्या आहेत की भांडी घासणाऱ्या आहेत, हे आधी तपासावे.

तंबोरा

मी ख्रिस्ती नाही, परंतु धागा आवडीने वाचत आहे. आमच्या गाण्याच्या क्षेत्रात हा वाद फार जुना आहे. वर्गात ५० विद्यार्थी बसवून गुरुजी सा लावायला शिकवू शकतात, परंतु मैफलीत मागे तंबोरा धरून बसायला दोघांनाच जागा असते. आवाज बसला असताना गुरुजी राग कसा सांभाळतात, समोरचे श्रोते उठून जाऊ लागले की काय करतात, हे त्या दोघांनाच कळते. मात्र एक दोषही सांगतो: मागे बसणारे अनेकदा गुरुजींचा खोकलासुद्धा उचलतात.

हिशोबनीस

आमच्या त्या पाच जणांपैकी एक जण प्रार्थनेआधी पूर्वीच्या पाळकांसारखाच चष्मा काढून रुमालाने पुसतो. त्याला चष्म्याचा नंबरही नाही.

मोसंबीच्या बागेतून

जालन्याकडचा असल्यामुळे मला नारायण शेषाद्री यांची आठवण होणे साहजिक आहे. मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेतील हा विद्यार्थी १८४३ मध्ये ख्रिस्ती झाला, पुढे त्यांनी आमच्या भागात सेवा केली आणि जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली. त्या मिशनऱ्यांनी थोड्या विद्यार्थ्यांवर किती वर्षे घालवली आणि त्याची किती किंमत मोजली हे आपण विसरतो. १८३९ मध्ये मुंबईतील स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतील पारशी तरुणांचे बाप्तिस्मे झाले तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. त्या तरुणांपैकी धनजीभाई नौरोजी यांनी पुढे अनेक दशके पाळक म्हणून सेवा केली. पटावरची संख्या पाहिली असती, तर विल्सन यांचे ते वर्ष सपशेल अपयशाचे ठरले असते.

खेड्यातला शाळामास्तर

मोसंबीवाले भाऊ आणि मावशी, दोघांचीही उदाहरणे खरी आहेत, परंतु त्यांत एक गोष्ट मला खुपते. शेषाद्री, टिळक, पंडिता रमाबाई, नीळकंठशास्त्री गोरे ही सगळी नावे ब्राह्मण घरांतील आहेत. मिशनऱ्यांनी ज्या थोड्यांवर आपली ग्रंथालये आणि आपल्या संध्याकाळी खर्च केल्या, ते बहुधा आधीच शिकलेले होते. नगर जिल्ह्यातील खेड्याखेड्यांत मंडळ्या टिकवल्या त्या महार आणि मांग समाजांतून आलेल्या शाळामास्तरांनी, बायबलबायांनी आणि भजने म्हणणाऱ्यांनी. माझे पणजोबा त्यांच्यापैकी एक होते. दिवसा मुलांना बाराखडी शिकवावी, रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांच्याच बापांना शुभवर्तमान वाचून दाखवावे, असे त्यांनी ३० वर्षे केले. त्यांच्यावर कोणी वेळ खर्च केला? ज्या साहेबांनी त्यांना नेमले ते वर्षातून दोनदा घोड्यावरून तपासणीला येत, एवढीच आठवण आमच्या घरात आहे.

म्हणून माझा प्रश्न 'थोडे की सगळे' हा नसून 'कोणते थोडे' हा आहे. निवड करताना आपले लक्ष नकळत चटपटीत, वाचणाऱ्या, आपल्यासारखे बोलणाऱ्या माणसाकडे जाते. पाळकसाहेब, आपल्या चौघांपैकी पाच खेड्यांतील किती आहेत?

तालुक्याचा पाळक

एकही नाही. चौघेही तालुक्याच्या गावातील आहेत. हे लिहिताना लाज वाटते.

भीमा काठची

संख्येचा विषय निघाला म्हणून पंडिता रमाबाईंविषयी थोडे लिहिते. केडगावच्या मुक्ती या त्यांच्या आश्रमाचे नाव काढले की लोकांना दुष्काळातून आणलेल्या मुलींचे लोंढे आठवतात, आणि १९०० च्या सुमारास तेथे जवळजवळ दोन हजार जणी होत्या हे खरेच आहे. परंतु १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले तेव्हा विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. त्यांच्यापैकी एक बालविधवा गोदूबाई. १८९३ मध्ये त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला, आणि पुढे कर्व्यांच्या कामात त्या आनंदीबाई म्हणून उभ्या राहिल्या. पुन्हा मावशींचाच मुद्दा येतो: गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत, आणि तरीही रमाबाईंची ती मेहनत वाया गेली असे कोण म्हणेल?

शिवाय रमाबाईंनी दोन हजारांचा संसार एकटीने चालवला नाही. त्यांनी मूळ भाषांतून केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांनी छापले. अनाथ म्हणून आलेल्या मुलीच्या हाती खिळे जुळवण्याचे काम देण्याआधी कोणी तरी तिच्या शेजारी दिवसेंदिवस बसले असणार. पाळकसाहेबांनी थोडे आणि पुष्कळ यांची जी वजाबाकी मांडली आहे, तिचा मी फेरविचार करीन.

वसईचा वाडवळ

आमच्याकडे होणाऱ्या फादरला घडवायला सेमिनरीत अनेक वर्षे लागतात, आणि बाहेर आल्यावर त्याच्याकडे कित्येक हजार माणसांचा पॅरिश, म्हणजे एका चर्चचा परिसर, सोपवतात. त्याच्यावर पुष्कळ वेळ दिला जातो. त्याला पुढे कोणावर द्यायला मिळत नाही.

सावध

या धाग्यात एक धोका अजून कोणी मांडलेला नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत 'शेफर्डिंग' नावाची चळवळ फोफावली होती. प्रत्येक विश्वासणाऱ्याने एका वडीलधाऱ्याच्या देखरेखीखाली राहावे, अशी ती कल्पना होती. कल्पनेचा आरंभ चांगला होता, परंतु हळूहळू नोकरी कोणती घ्यावी आणि लग्न कोणाशी करावे यालाही वरच्याची परवानगी लागू लागली. पुढे तिच्या प्रमुखांपैकी एकाने जाहीर माफी मागितली.

मी स्वतः कॉलेजात असताना एका छोट्या गटात होतो. आमचे पुढारी मनापासून कष्ट घेत, हे आजही मान्य करतो. परंतु घरी आईला भेटायला जाण्यासाठीही त्यांना विचारावे लागे, आणि मी एकदा न विचारता गेलो तेव्हा तीन आठवडे माझ्याशी कोणी बोलले नाही. त्यातून बाहेर पडल्यावर प्रार्थना करायलाही मला दोन वर्षे लागली. दहा जणांच्या वर्गात ज्या शिक्षकाचा त्रास होत नाही, त्याचाच चौघांच्या खोलीत होऊ शकतो. म्हणून तीन गोष्टी आधीच ठरवाव्यात असे मला वाटते. पैसा, लग्न आणि नोकरी यांत पाळकांनी निर्णय देऊ नये. गटातील माणसाला पाळकांविरुद्ध ज्यांच्याकडे जाता येईल अशी एक व्यक्ती गटाबाहेर असावी. आणि गट सोडणाऱ्याला सलाम करणे कोणी थांबवू नये.

टोरांटोतील थंडी

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, म्हणजे ज्याच्यावर मेहनत घेतली गेली त्याच्या बाजूने. आमच्या गावच्या पाळकांनी १९९८ ते २००२ अशी चार वर्षे मला आपल्या मोटारसायकलवर मागे बसवून गावोगाव नेले. त्यांना वाटत होते की मी सेमिनरीत जाईन. मी संगणकाकडे गेलो, मग इकडे आलो. त्यांनी कधी बोलून दाखवले नाही, परंतु त्यांच्या जागी कोणीच तयार झाले नाही हे मला ठाऊक आहे, कारण ती चार वर्षे त्यांनी माझ्याकडे पाहण्यात घालवली.

इंग्लंडमधील धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट चळवळीत १७४२ पासून साधारण बारा-बारा जणांचे वर्ग सुरू झाले. आरंभी त्यांचा हेतू ब्रिस्टलच्या सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी दर आठवड्याला एक पेनी गोळा करणे एवढाच होता. वर्गणीसाठी घरोघर जाणाऱ्यांना माणसांची खरी अवस्था दिसली आणि त्यातून पालकत्वाची व्यवस्था उभी राहिली. हिशोबनीस साहेबांना हे आवडेल. वर्गनायक हे चांभार, विणकर अशी कामे करणारी साधी माणसे असत, गाव सोडून जाण्याची शक्यता नसलेली. आमच्या पाळकांनी माझ्याऐवजी किराणा दुकानदाराला मागे बसवायला हवे होते.

ग्रीकचा विद्यार्थी

हिशोबनीस साहेबांच्या मूळ आक्षेपाकडे परत येतो. बर्णबाने शौलाला, म्हणजे पुढे पौल म्हणून ओळखल्या गेलेल्याला, तार्साहून शोधून आणले आणि अंत्युखियात वर्षभर सोबत ठेवले, हे प्रेषितांची कृत्ये ११ मध्ये आहे. परंतु ते वर्ष दोघांनी खोलीत बसून काढले नाही. ते मंडळीत मिळून शिकवत होते. पुढे त्यांच्या प्रवासातला सोबती मार्क अर्ध्या वाटेवरून परतला, पौलाने त्याला पुन्हा सोबत घ्यायला नकार दिला, आणि बर्णबा त्याला घेऊन कुप्राला गेला. अखेर तोच पौल 'मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे' असे तीमथ्याला कळवतो. वेळ कोणावर फुकट गेला हे इतक्या लवकर ठरवता येत नाही.

आणखी एक. कृत्ये ६ मध्ये रोजच्या वाटणीत आपल्या विधवांना डावलले जाते अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी 'आम्हाला वेळ नाही' एवढेच सांगितले नाही. त्यांनी सात माणसे नेमली, आणि ती निवडायला मंडळीला सांगितले. सातही नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्यातूनच माणसे घेतली असावीत. आजीबाईंचा प्रश्न हा त्या विधवांचाच प्रश्न आहे.

हिशोबनीस

मार्क हा बर्णबाच्या नात्यातला होता, हे कलस्सैकरांच्या पत्रातून आपण सोयीस्करपणे वगळले. वार्षिक सभेत कोणी तरी ते नक्की काढेल.

मात्र कृत्ये ६ चा मुद्दा मला मान्य आहे. मंडळीने निवडलेली माणसे असतील, त्यांची नावे पंचांच्या वहीत असतील आणि पाळकांची बदली झाल्यावरही ती पंचांना उत्तरदायी असतील, तर माझा आक्षेप बराचसा मिटतो. आमच्या पाच जणांची नावे कोणत्याच वहीत नव्हती.

तालुक्याचा पाळक

दहा दिवसांनी लिहितो आहे, कारण मधल्या काळात दोन गुरुवार गेले.

पहिल्या गुरुवारी मी चौघांसमोर आणि माझ्या पत्नीसमोर हा सगळा धागा वाचून दाखवला. पत्नी मावशींच्या मजकुराशी आल्यावर उठून आत गेली. ती रागावली असे मला वाटले. ती हसत होती. आता ती शास्त्रपाठाला बसते आणि दुपारचा स्वयंपाक आम्ही सहा जण मिळून करतो, त्यामुळे पाठ अर्ध्या तासाने कमी झाला आहे. गटाबाहेरची व्यक्ती कोण असावी हे मी त्या चौघांनाच ठरवायला सांगितले. त्यांनी संडे स्कूलच्या निवृत्त बाईंचे नाव दिले, ज्या माझ्या उपदेशांवर गेली ११ वर्षे टीका करीत आल्या आहेत.

दुसऱ्या गुरुवारी आम्ही घरी बसलोच नाही. सर्वांत लांबच्या खेड्यात गेलो आणि तेथील लोकांना विचारले की तुमच्यातून कोणाला सोबत घेऊ. मी मनात एका पदवीधर मुलाचे नाव धरून गेलो होतो. त्यांनी एका ४५ वर्षांच्या बाईंचे नाव सांगितले, ज्या दर वर्षी उसतोडीला जातात आणि दिवाळीनंतर सहा महिने गावात नसतात. मी अडचण सांगितली, तेव्हा एक म्हातारे म्हणाले की उसाच्या फडावरही आमचीच माणसे असतात. त्यांना वाचता फारसे येत नाही. कसे करायचे ते अजून सुचलेले नाही.

आजीबाईंना उत्तर मी दिले नाही. त्याच संध्याकाळी परिचारिका असलेली मुलगी आणि गॅरेजात काम करणारा मुलगा असे दोघे त्यांच्याकडे गेले. मुलाने प्रार्थना फार लांबवली आणि एका स्तोत्राचा क्रमांक चुकवला. आजीबाईंनी मला रविवारी सांगितले की मुलीला पुन्हा पाठवा, आणि मुलाला आधी जेवायला घालून पाठवा, म्हणजे तो लवकर आटोपेल.

वार्षिक सभा येत्या रविवारी आहे. चौघांची नावे पंचांच्या वहीत लिहावीत, असा ठराव मीच मांडणार आहे.

मिशन कंपाउंडातली मावशी

पाचव्या बाईंचेही नाव त्याच दिवशी लिहून घ्या. त्या फडावर गेल्या की वर्षभर तो विषय कोणी काढणार नाही.